रात्रीतून तुटलेले बोल्ट

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मी धातूंच्या तपासणीचे काम करते. आजूबाजूच्या कारखान्यांतून तुटलेले, वाकलेले, झिजलेले भाग आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि ते का तुटले हे आम्ही शोधून देतो. बहुतेक वेळा कारण लवकर हाती लागते. कुठे उष्णोपचार बिघडलेला असतो, कुठे पोलाद सांगितलेल्या प्रतीचे नसते, तर कुठे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने थकव्याची भेग वर्षभर पुढे सरकत आलेली असते. मे महिन्यात, वळवाच्या वादळाने शहराला झोडपल्यानंतर काही दिवसांनी आलेले प्रकरण यांपैकी कशातच बसत नव्हते.

यंत्रे बांधणाऱ्या एका कारखान्याचे गुणवत्ता विभागप्रमुख एका पुडक्यात ॲलन बोल्टची तुटकी डोकी आणि त्यांचे उरलेले दांडे घेऊन आले. "मॅडम, संध्याकाळच्या पाळीत पोरांनी टॉर्क रेंचने मोजून आवळलेत. सकाळी येऊन बघतो तर डोकी खाली पडलेली. मशीन अजून सुरूसुद्धा केलेलं नाही," असे ते म्हणाले. बोल्ट १२.९ वर्गाचे होते, म्हणजे त्यांची ताणशक्ती किमान १२२० मेगापास्कल असायला हवी. गंज लागू नये म्हणून त्यांच्यावर जस्ताचा चकचकीत मुलामा दिलेला होता. घरबांधणीत आपण वापरतो ती ५०० प्रतीची सळई ५०० मेगापास्कलच्या आसपास कायमची ताणू लागते. यावरून या बोल्टचे पोलाद किती वरच्या ताकदीचे असते याचा अंदाज यावा.

त्यांनी त्याच लॉटमधले न वापरलेले बोल्टही आणले होते. त्यांतले काही आम्ही लगेच ताणयंत्रावर लावले. डोक्याखाली पाचर ठेवून, भार वाढवत, एकदोन मिनिटांत बोल्ट तोडायचा अशी ही चाचणी असते. सर्व बोल्ट अपेक्षित भारापेक्षा अधिक भार घेऊन तुटले. काठिण्य रॉकवेल सी मोजपट्टीवर ४२ च्या आसपास आले आणि या वर्गाला ३९ ते ४४ चालते. रासायनिक पृथक्करणात दोष नव्हता. सूक्ष्मरचनाही नीट टेम्पर केलेल्या मार्टेन्साइटची होती, म्हणजे पोलाद तापवून झटकन थंड केल्यावर मिळणारी कठीण घडण, जी पुन्हा माफक तापवून (टेम्परिंग) चिवट केलेली असते. म्हणजे कागदावर हा लॉट उत्तम होता, आणि तरीही यंत्रावर आवळलेले बोल्ट कोणी हात न लावता तुटून पडले होते. पुरवठादाराने दिलेला तपासणी अहवाल खोटा असावा, अशी विभागप्रमुखांना शंका होती. तो अहवाल शब्दशः खरा असल्याचे मला त्यांना सांगावे लागले.

दुपारी, कारखान्यात तुटलेल्या बोल्टचे भंगपृष्ठ, म्हणजे तुटलेली बाजू, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. डोके आणि दांडा जिथे मिळतात त्या गोलाईपाशी भेग सुरू झाली होती, आणि तेवढा पट्टा खडीसाखर फोडल्यावर दिसते तसा कोरा, कंगोरेदार दिसत होता. भेग धातूच्या कणांना छेदून गेली नव्हती. ती कणांच्या मधल्या सीमांवरून वाट काढत गेली होती. आतला उरलेला भाग मात्र नेहमीच्या, ताणून तुटलेल्या चिवट पोलादासारखा बारीक खळग्यांनी भरलेला होता. कणसीमांवरून तुटण्याला इतरही कारणे असतात. पाणी किंवा तेलात विझवताना पडलेली भेग असती, तर तिच्या तोंडाशी भट्टीतल्या ऑक्साइडचा काळसर थर सापडला असता, तो नव्हता. टेम्परिंगच्या वेळी येणारा ठिसूळपणा असता, तर झटक्याने तोडलेला बोल्टही कणसीमांवरूनच तुटला असता. म्हणून सकाळी ताणयंत्रावर तोडलेला बोल्ट त्याच सूक्ष्मदर्शकाखाली आणला. त्यावर कडेपासून कडेपर्यंत फक्त खळगे होते.

त्या क्षणी माझ्यापुरता प्रश्न सुटला. एकाच लॉटचे पोलाद मिनिटभरात तोडले तर चिवट तुटते आणि रात्रभर ताणाखाली ठेवले तर ठिसूळ तुटते. असे वागणारा दोष पोलादाच्या घडणीत नसतो. तो पोलादाच्या आत फिरणाऱ्या एखाद्या गोष्टीत असतो, आणि तिला फिरायला वेळ लागतो. ती गोष्ट म्हणजे हायड्रोजन.

मुलामा देण्यापूर्वी बोल्ट हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून साफ करतात. प्लेटिंगवाले त्याला पिकलिंग म्हणतात. नंतर जस्ताच्या टाकीत बोल्ट ऋण विद्युतध्रुव होतो. दोन्ही पायऱ्यांवर पोलादाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो. बराचसा बुडबुड्यांनी निघून जातो, पण थोडे सुटे अणू धातूत शिरतात. हायड्रोजनचा अणू इतका लहान असतो की लोहाच्या अणूंमधल्या फटींतून तो साध्या तापमानालाही सरकत राहतो, आणि बोल्ट आवळला की जिथे ताण सर्वांत जास्त असतो त्या जागी, म्हणजे डोक्याखालच्या गोलाईत किंवा पहिल्या आट्यापाशी, हळूहळू गोळा होतो. इतक्या ताकदीच्या पोलादाला दहा लाख भागांत एखादा भाग हायड्रोजनही पुरतो. कमी ताकदीच्या पोलादात हा धोका बराच कमी असतो, म्हणून जालन्याच्या सळयांच्या तपासणीत हे प्रकरण आमच्यासमोर येत नाही.

तर्क कितीही पटला तरी अहवालात पुरावा लागतो. आयएसओ १५३३० या मानकात त्यासाठी चाचणी दिलेली आहे. कठीण पोलादाच्या समांतर पट्ट्यांत बोल्ट आवळायचे आणि किमान ४८ तास तसेच ठेवायचे. ज्या अवस्थेत आले होते त्याच अवस्थेतले काही बोल्ट आम्ही आवळून ठेवले. त्यांच्याशेजारी त्याच लॉटचे, पण आमच्या भट्टीत २०० अंश सेल्सियसला पूर्ण वेळ तापवून काढलेले बोल्ट लावायचे ठरवले. या तापमानाला हायड्रोजनला बाहेर पडायला वाट मिळते. जस्ताचा थरच त्याच्या वाटेत आडवा येतो, त्यामुळे हे काम घाईने होत नाही.

भट्टी चालू असताना मी विभागप्रमुखांबरोबर मुलामा देणाऱ्या कारखान्यात गेले. मालक अदबीने वागले आणि त्यांनी काहीही लपवले नाही, हे मुद्दाम नोंदवायला हवे. बोल्टच्या आराखड्यात मुलाम्यानंतर ८ तास तापवण्याची अट होती. नोंदवहीत लॉट संध्याकाळी भट्टीत घातल्याची आणि सकाळी काढल्याची वेळ लिहिलेली होती आणि त्या दोन वेळांमधले अंतर ८ तासांहून जास्तच भरत होते. मी भट्टीच्या तापमानलेखकाची पट्टी मागितली. त्या यंत्राला स्वतःची बॅटरी होती. पट्टीवरची रेषा २०० अंशांपर्यंत चढली होती, रात्री साडेदहाच्या सुमारास उतरायला लागली होती आणि उजाडेपर्यंत खोलीच्या तापमानावर आली होती. तारीख वादळाच्या रात्रीची होती.

भट्टी सांभाळणारे काका म्हणाले, "त्या राती वाऱ्यानं तारा तुटल्या ना मॅडम, लाईट गेली ती पहाटपर्यंत आलीच नाही. जनरेटर हाये, पण तो पंपाला आन् दिव्याला. भट्टी कुठं पेलतो तो!" सकाळी पाळी बदलली, नव्या माणसाने वही पाहिली, वेळ भरल्याचे पाहून माल काढला, पुढच्या रंगछटेच्या टाकीतून नेला आणि पाठवून दिला. वहीत वेळेचा रकाना होता, तापमानाचा नव्हता. एवढ्या फटीतून पूर्ण लॉट निसटला होता.

आम्ही परतलो तोवर न तापवलेल्या बोल्टपैकी पहिला तुटला होता. रात्रभरात आणखी तुटले. पूर्ण तापवलेले बोल्ट नंतर तशाच पट्ट्यांत आवळले, आणि ते ४८ तासांनंतरही जसेच्या तसे होते. नव्याने तुटलेल्यांच्या गोलाईपाशी तोच कंगोरेदार पट्टा होता, आणि याहून स्वच्छ पुरावा या कामात क्वचितच मिळतो.

पोलादाचा हा स्वभाव विज्ञानाला ठाऊक होऊन दीडशे वर्षे झाली. १८७५ मध्ये विल्यम जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते की आम्लात थोडा वेळ बुडवलेली तार ठिसूळ होते, तुटलेला भाग ओला केला तर त्यातून बुडबुडे येतात आणि काही काळाने तारेचा चिवटपणा परत येतो. तरीही हायड्रोजन आत नेमके काय करतो यावर आजही संशोधन चालू आहे. तो कणसीमांवरचे अणूंचे बंध सैल करतो असे एक मत आहे. स्फटिकातले विस्थापनदोष, म्हणजे अणूंच्या रांगांमधल्या विस्कटलेल्या रेषा, त्याच्यामुळे सहज सरकतात आणि विरूपण एका अरुंद जागेत एकवटते, असे दुसरे मत आहे. बहुधा दोन्ही प्रक्रिया एकमेकींना हात देतात असे मानण्याकडे माझा कल आहे. मुख्य अडचण हायड्रोजन दिसण्याची होती, कारण सूक्ष्मदर्शकाखाली नमुना जाईपर्यंत तो निघून गेलेला असतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये आणि सिडनी विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये यावर उपाय काढला. त्यांनी हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम पोलादात भरला, नमुना अतिशीत ठेवला आणि अणूंचा एकेक ठावठिकाणा नोंदणाऱ्या यंत्राने तो पाहिला. सिडनीच्या कामात ड्युटेरियम विस्थापनदोषांवर, कणसीमांवर आणि नायोबियम कार्बाइडच्या बारीक कणांच्या कडेला अडकलेला दिसला. असे कण मुद्दाम पेरून हायड्रोजनला निरुपद्रवी जागी अडकवणारे पोलाद घडवता येईल का, हा आजचा जिवंत प्रश्न आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या हरित हायड्रोजन अभियानात २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट आहे. तो वायू साठवायच्या टाक्यांना आणि वाहून न्यायच्या नळ्यांना हाच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागणार आहे.

हे सगळे ऐकून विभागप्रमुखांनी स्वाभाविक प्रश्न विचारला: "मग जे तुटले नाहीत, त्यांतले चांगले कोणते ते सांगा. तेवढे तरी राहू देतो." मी त्यांना सॅन फ्रान्सिस्को–ओकलंड पुलाचे उदाहरण दिले. मार्च २०१३ मध्ये तिथे भूकंपरोधक भाग खांबाला जखडणारे जाडजूड दांडे ताणले गेले आणि ९६ पैकी ३२ काही दिवसांतच तुटले. उरलेल्यांवर कोणी विसंबून राहिले नाही. भार पेलायला वेगळी रचना बसवली. बसवलेल्या बोल्टमध्ये हायड्रोजन किती आहे हे त्याला धक्का न लावता सांगणारी सोय आमच्याकडे नाही. चुंबकीय चाचणीने पृष्ठभागावर पडलेली भेग दिसेल, उद्या पडणारी दिसणार नाही. यंत्रावरचे न तुटलेले बोल्टही काढावेत आणि लॉट पूर्ण बाद करावा, असे मी अहवालात लिहिले.

त्यांनी तसे केले, आणि त्यासाठी बांधून तयार असलेली यंत्रे उघडावी लागली. बाद माल भंगाराच्या बाजारातून पुन्हा कोणाच्या हाती लागू नये म्हणून बोल्टचे आटे कापून मगच तो वितळवायला पाठवला. मुलामा देणाऱ्यांनी भट्टीला पेलेल असा जनरेटर घेतला आणि वहीत तापमानपट्टी चिकटवायला सुरुवात केली. १२.९ वर्गाच्या बोल्टसाठी विद्युतमुलामाच नको, असा माझा आग्रह होता: वाळूच्या माऱ्यासारख्या यांत्रिक पद्धतीने साफ करून जस्ताच्या पापुद्र्यांचा लेप दिला, तर आम्लही टळते आणि वीजप्रवाहही. तो लेप महाग पडतो. कारखान्याने नव्या आराखड्यांत तो स्वीकारला आहे, आणि पहिल्या लॉटचे बोल्ट सध्या आमच्या पट्ट्यांत आवळलेले आहेत.