किंमत का विचारते, ते एकदा सांगते

"पैसे आहेत ना, मग दर वेळी किंमत का विचारतेस?" नातेवाइकांनी विचारलं, मैत्रिणींनी विचारलं. मी विषय बदलत आले. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

मी चिक्कू नाही. लागेल तिथे खर्च करते.

बाबांच्या गुडघेबदलाच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी दोन प्रकारचे इम्प्लांट, म्हणजे गुडघ्यात बसवायचे कृत्रिम सांधे, सांगितले. एक महाग, "जास्त चांगलं". मी विचारलं, "चांगलं म्हणजे कशात? आणि किमतीत फरक किती?" दादा ताडकन उठला. "बाबांच्या बाबतीतही भाव करतेस?" काकू म्हणाली, "एवढा खर्च होतोच आहे, त्यात हे किती!" डॉक्टर उत्तर द्यायला लागले होते, पण त्यांना कुणी बोलूच दिलं नाही. मी गप्प झाले, महागावर सही झाली. बाबा तिथेच पलंगावर सगळं ऐकत होते. पैसे त्यांच्या साठवणीतले जाणार होते आणि त्यांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

काकूचं वाक्य अजून बोचतं, कारण ते घरोघरी बोललं जातं. अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली लोकांना विचारलं होतं: कॅल्क्युलेटर १५ डॉलरचा आहे, वीस मिनिटांवरच्या दुकानात तो ५ डॉलरनी स्वस्त मिळतोय, जाल? ६८ टक्के हो म्हणाले. कॅल्क्युलेटर १२५ डॉलरचा सांगितला, तेव्हा त्याच ५ डॉलरसाठी २९ टक्केच तयार झाले. वाचणारे पैसे तेच, वेळही तोच. म्हणजे चिल्लर खरेदीत आपण जीव तोडून घासाघीस करतो आणि खरी मोठी रक्कम जाते तिथे "त्यात हे किती" म्हणून मोकळे होतो. म्हणून मी नेमकं तिथेच विचारते, जिथे विचारणं सगळ्यांत वाईट दिसतं.

पूर्वी मी म्हणायचे, लोकांना हिशेब कळत नाही. आता तसं म्हणवत नाही. दादाचा हिशेब माझ्याहून पक्का आहे. पण घाबरलेल्या माणसाला किंमत न विचारणं हेच प्रेम वाटतं, आणि पुढे काही बिघडलंच तर "आम्ही कमी केलं नाही" एवढं तरी म्हणता येतं. त्या समाधानाचं मोल शून्य आहे असं मी कुठल्या तोंडाने सांगू? तरीही वाटतं, ते समाधान आमचं होतं आणि पैसे बाबांचे.

दादा आजही म्हणतो, तू भाव केलास. मी म्हणते, मी माहिती मागितली. आणि यापुढेही मागणार.