तिसरं वर्ष हललंच नाही

बुधवार, रात्रीचे पावणेबारा

झोप लागत नाहीये म्हणून लिहायला बसलेय. तसं बघितलं तर काही झालेलंच नाही. कुणी ओरडलं नाही, फाईल परत आली नाही, लोन नामंजूर झालं नाही. एका क्लायंटच्या नव्या कोल्ड स्टोरेजच्या लोनसाठी मिरजेला मीटिंग होती. माझ्या शीटमध्ये ऑक्युपन्सी, म्हणजे स्टोरेज सरासरी किती टक्के भरलेलं असेल, ती ८३ धरलेली. बँकेच्या मॅनेजर साहेबांनी सहज विचारलं, "ऑक्युपन्सी सत्तर धरली तर काय दिसतंय?" आमच्या ऑफिसच्या सरांनी माझाच लॅपटॉप पुढे ओढला आणि ८३ च्या जागी ७० टाकलं. चौथ्या वर्षाचा डीएससीआर, म्हणजे कर्जाचे हप्ते आणि व्याज भरायला लागेल त्याच्या किती पट पैसा हाताशी असेल तो आकडा, १.७८ वरून १.३० वर आला, पाचवं, सहावं, सातवं, सगळी वर्षं भराभर खाली आली. तिसरं वर्ष १.७५ होतं, ते १.७५ च राहिलं.

सरांनी ते बघितलं. मीही बघितलं. साहेब तेवढ्यात शिपायाला चहा सांगत होते, त्यांच्या लक्षात आलं की नाही कळलं नाही. सर म्हणाले सुधारित शीट पाठवतो, आणि लॅपटॉप मिटला. गाडीत विश्रामबाग येईपर्यंत एक शब्द नाही. मग उतरताना फक्त, "ती तिसऱ्या वर्षाची सेल बघून घे जरा."

जरा. संध्याकाळपासून तो एक शब्द डोक्यातून जात नाहीये. रागावले असते तर बरं झालं असतं असं वाटतंय. दिवाळीपासून सर माझ्या शीट्स उघडून बघायचे बंद झाले होते, थेट प्रिंट काढून सही करायचे, आणि त्याचं मला किती बरं वाटायचं हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आता परत उघडून बघतील. बघायलाच हवं. पण ते सेलवर क्लिक करून वरच्या पट्टीत काय लिहिलंय ते वाचत असतील आणि मी पलीकडच्या टेबलावर बसून टॅलीत काहीतरी करतेय असं दाखवत असेन, ते चित्र डोळ्यासमोरून हलत नाही.

घरी आल्याआल्या, जेवायच्या आधीच, फाईल उघडली. तिसरं वर्ष, भाड्याचं उत्पन्न. सेलवर जाऊन एफ टू दाबलं. मागेपुढे सगळीकडे क्षमता गुणिले ऑक्युपन्सी गुणिले दर गुणिले बारा, आणि मधेच या एका सेलमध्ये =२०४०००००. बास. ना क्षमता, ना दर. दोन कोटी चार लाख, हातानं टाकलेले.

कधी टाकले तेही आठवलं. बँकेला आधी दिलेल्या कागदावर तिसऱ्या वर्षाला २ कोटी ४ लाख छापलेलं होतं आणि माझी शीट १ कोटी ९९ लाख २० हजार दाखवत होती. फरक ४ लाख ८० हजार. रात्रीचे अकरा वाजून गेलेले, आईच्या गोळ्यांची वेळ टळून गेलेली, सकाळी प्रिंट द्यायची होती. म्हटलं आत्तापुरता आकडा बसवून घेऊ, उद्या शोधू फरक कुठंय. तो उद्या आलाच नाही. आज शोधायला बसले तर पाच मिनिटं लागली. आधीचा कागद ८५ टक्क्यांवर केलेला, माझी शीट ८३ वर. चार हजार टनाचे दोन टक्के म्हणजे ऐंशी टन, टनाला महिन्याला पाचशे, बारा महिने, बरोबर ४ लाख ८० हजार. पाच मिनिटांचं काम मी तेव्हा केलं नाही.

आणि जास्त कशानं लागलं तर, खरा आकडा ठेवला असता तर डीएससीआर १.६८ आला असता. १.७५ ऐवजी १.६८. सरासरी दीडच्या आसपास हवी असं धरूनच आम्ही सगळे रिपोर्ट करतो, त्यात १.६८ ला कुणी हरकत घेतली नसती. म्हणजे मी ज्यासाठी आकडा बसवला त्याची कुणाला गरजच नव्हती. मला फक्त दोन कागद जुळलेले हवे होते.

तपासलं नव्हतं असंही नाही. कोर्समध्ये शिकवलेलं सगळं केलं होतं, हातानं टाकायचे आकडे निळे, फॉर्म्युले काळे, दुसऱ्या शीटवरून आलेलं हिरवं, बॅलन्स शीट जुळते का त्याची खाली वेगळी ओळ आणि त्यात सगळीकडे शून्य. शेवटी गो टू स्पेशलमध्ये जाऊन कॉन्स्टंट्स निवडून बघितलं होतं, फॉर्म्युल्यांच्या भागात कुठं नुसता आकडा राहिलाय का. काही दाखवलं नाही. दाखवणार कसं, मी आकड्याआधी इज इक्वल टू दाबलं होतं ना, बोटांना सवयच आहे. एक्सेलच्या लेखी तो फॉर्म्युलाच. रंगही काळाच. आणि बॅलन्स शीटचा शून्य काय सांगणार, उत्पन्न खोटं असलं तरी नफा त्याच उत्पन्नातून आणि रोकडही त्यातूनच, दोन्ही बाजू सारख्याच वाढतात. माझा त्या शून्यावर फार विश्वास होता.

आज रो डिफरन्सेस लावून बघितलं. ओळ सिलेक्ट करायची आणि कंट्रोलबरोबर उलटी तिरकी रेघ दाबायची, पहिल्या सेलपेक्षा ज्याचा फॉर्म्युला वेगळा ते सेल उजळतात. पटकन तिसरं वर्ष उजळलं. एकच सेल. सगळ्या ओळींना लावत गेले, एकशे चाळीस ओळी, दुसरं काही सापडलं नाही. त्यानं बरं वाटायला हवं होतं.

सीए फायनलचा दुसरा ग्रुप राहिला तो राहिलाच, त्यानंतर इथं लागले, आणि मला वाटायचं की परीक्षेत नाही तर निदान कामात तरी आपण पक्के आहोत. आज बाथरूममध्ये नळ सोडून रडले. ताईचा फोन येऊन गेला, उचलला नाही. 

कोर्समध्ये एक गोष्ट सांगितली होती ती आज परत आठवली. अर्थतज्ज्ञ रेनहार्ट आणि हार्वर्डचे रोगॉफ, २०१० चा पेपर, ज्या देशांचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर जातं त्यांची वाढ सरासरी उणे ०.१ टक्के. जगभर तो आकडा वापरला गेला, सरकारांनी खर्च कमी करावा म्हणून पुढे केला गेला. मग २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी अभ्यासासाठी तेच आकडे करून बघायला गेला तर जुळेचनात. त्यांच्या शीटमध्ये सरासरी ओळ ३० ते ४४ ची घेतलेली होती, यादी मात्र ४९ पर्यंत. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क, पाच देश बाहेरच. चूक तेवढीच नव्हती, कुठली वर्षं घेतली आणि कुठल्या देशाला किती वजन दिलं तेही होतं, पण सगळं नीट केल्यावर आकडा आला अधिक २.२.

तेव्हा वर्गात सगळे हसले होते, एवढी मोठी माणसं आणि सरासरीची रेंज चुकली. मीही हसले होते. आज वेगळंच आठवतंय. त्या मुलानं शीट मागितली आणि त्यांनी ती दिली. म्हणून चूक सापडली. मी माझी शीट आपणहून देईन का कुणाला, आत्ता, अशी, सगळ्या सेल उघड्या? सरांना पीडीएफच पाठवत होते मी.

आजोबा हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. रोज रात्री रोजमेळ घालायचे आणि गल्ल्यातली रोकड आणि वहीतली शिल्लक जुळली नाही तर परत परत बेरीज करायचे. पण कधी कधी जुळायचीच नाही. त्यांच्या एका वहीत मी लहानपणी वाचलेलं एक पान आठवतंय, उचंत खाते, रुपये तीन, आणि पुढे काहीच नाही. मी विचारलं होतं हे काय. म्हणाले, "सापडलं नाही म्हणून तिथं ठेवलंय, दिसत राहिलं की सापडतं." दुसऱ्या खात्यात घुसवून बेरीज जुळवता आली असती त्यांना, वही त्यांच्याच हातात होती.

मलाही तेव्हा एक ओळ घालता आली असती. उत्पन्नाच्या खाली, उचंत, ४ लाख ८० हजार, लाल रंगात. सरांनी विचारलं असतं हे काय, मी म्हणाले असते सापडत नाहीये. एवढंच.

असो. रडून काय होणार, सेल तर दुरुस्त झालीच. आता ७० टाकलं की तिसरं वर्ष १.२२ वर येतं. बघायला वाईट वाटतं पण येतं. दहादा टाकून बघितलं, ७०, ६०, ०. शून्य टाकल्यावर उत्पन्न खरंच शून्य झालं आणि सगळी ओळ उणे गेली, तेव्हा पहिल्यांदा जरा छातीवरचं ओझं हललं.

मग साहेबांनी सत्तरच का विचारलं असेल याचा विचार करत बसले. साडेनऊला क्लायंट काकांना फोन केला, उशीर झाला होता पण ते जागेच असतात. त्यांच्या जुन्या कोल्ड स्टोरेजचं रजिस्टर त्यांनी फोनवर वाचून दाखवलं, दर महिन्याला सरासरी किती भरलेलं. बेदाणा यायला लागतो तेव्हा एप्रिलला ५५, मे ९०, जून जुलै ९५, ऑगस्ट ९०, सप्टेंबर ८५, ऑक्टोबर ८०, मग दिवाळीला माल उचलला जातो, नोव्हेंबर ६५, डिसेंबर ५५, जानेवारी ४५, फेब्रुवारी ३५, मार्च ४०. बेरीज ८३०, भागिले बारा, ६९.

६९. साहेब याच भागातले आहेत, त्यांना हे पाठ असणार. माझे ८३ कुठून आले होते? काकांना विचारलं होतं साधारण किती भरतं, ते म्हणाले ऐंशी पंच्याऐंशी, त्यांच्या डोळ्यासमोर जुलै असणार. निळ्या रंगातला, अगदी नियमात बसलेला आकडा.

वार्षिक एका सेलच्या जागी बारा महिन्यांच्या बारा सेल केल्यात. त्यातच साडेअकरा वाजून गेले. तिसरं वर्ष आता १.१८ दाखवतंय, मोरेटोरियम, म्हणजे हप्ते सुरू होण्याआधीची सवलत, सहा महिने वाढवून मागायला लागेल, नाहीतर काकांना स्वतःची रक्कम वाढवावी लागेल आणि ते त्यांना सकाळी मलाच सांगायचंय. पहिल्या शीटवर बदलांची नोंद लिहिली, तारीख घालून: तिसरे वर्ष, उत्पन्न, हाताने टाकलेला आकडा काढला, तो मी टाकला होता. खाली उचंतची ओळ घातली, सध्या शून्य. सरांना मेलला एक्सेल फाईल जोडलीय, पीडीएफ नाही. पाठवलेली नाही अजून. आईचा दिवा चालूच दिसतोय, बघून येते आणि मग पाठवते.