एकटीला करमतं कसं?

बडोद्यात हा प्रश्न दोन भाषांत येतो. मराठीत जरा वळसा घालून: "एकटीला करमतं कसं गं तुला?" गुजरातीत थेट. रिक्षावाले भाई आरशात बघून विचारतात, "घरमां कोण कोण छे?" मी "कोई नथी, एकली छुं" म्हटलं की पुढच्या सिग्नलपर्यंत हळहळतात. एखादा तर उतरताना भाडंही कमी घेतो, आणि मी नको म्हणत नाही. नव्या शेजारीणबाई, तुम्ही मात्र परवा तिसऱ्याच तऱ्हेनं विचारलंत, "तुम्हाला माणसं आवडत नाहीत का हो?" जिन्यात उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येईना, म्हणून लिहिते आहे.

आवडतात. रावपुऱ्यातल्या काही दुकानांचे हिशेब मी लिहिते. सकाळभर गल्ल्याशेजारी बसायचं, गिऱ्हाइकांच्या मुलींची लग्नं कुठवर आली ते ऐकायचं, जीएसटीवरून शेठचं डोकं फिरलं की तेही ऐकायचं. मला त्यात मजा येते. फक्त दुपारपर्यंत माझ्याजवळचं बोलणं संपतं. मग घरी येऊन दार लावते, चहा टाकते, आणि रात्रीपर्यंत कुणाशी एक शब्द बोलले नाही तरी काही उणं वाटत नाही. कुणाचा राग आलेला नसतो, मन उदास नसतं. प्रेमभंग वगैरेही नाही. ती शंका तुमच्या सासूबाईंनी बोलून दाखवली होती, म्हणून सांगून टाकते.

माझी भाची मला अधूनमधून फोनवर काहीबाही पाठवते. आधी एक चाचणी पाठवली आणि निकाल जाहीर केला, "मावशी, तू इन्ट्रोव्हर्ट." अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी युंग या मानसशास्त्रज्ञानं १९२१ मध्ये मांडली. शंभर वर्षांनी ती माझ्यापर्यंत पोचली, ठीक. पण पुढचे लेख काळजीचे होते. ब्रिटननं २०१८ मध्ये एकाकीपणासाठी मंत्री नेमला, जपाननं २०२१ मध्ये नेमला, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये त्यावर आयोग बसवला. हे सगळं योग्यच आहे. ज्यांना माणसं हवी आहेत आणि मिळत नाहीत, त्यांचे हाल मी आपल्याच इमारतीत बघते. पण तेच औषध मला पाजायचं म्हणजे उपाशी माणसाचं दुखणं जेवून उठलेल्याला चिकटवण्यातला प्रकार झाला.

लोकांना खरं खटकतं ते वेगळंच, असं मला वाटतं. एकट्या माणसानं एकटेपणी काहीतरी मोठं केलं की समाज त्याला माफ करतो. साधना करा, ग्रंथ लिहा, निदान रियाज तरी करा. नुसतंच एकटं बसून शेंगा सोलणाऱ्या बाईचं काय करायचं, हे कुणाला कळत नाही.

बडोद्यात तर यासाठी दाखला तयार असतो. श्रीअरविंद इथे १८९३ पासून तेरा वर्षं राहिले, कॉलेजात शिकवलं. पुढे सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस फुटली आणि त्यानंतर लगेच, जानेवारी १९०८ मध्ये, ते पुन्हा इथे आले होते. नाव देशभर गाजत होतं. तेव्हा विष्णु भास्कर लेले नावाच्या मराठी योग्याबरोबर ते माडीवरच्या एका खोलीत तीन दिवस बसले आणि मनातले विचार पूर्ण थांबले, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. दांडिया बाजारातल्या अरविंद निवासात मीही कधीतरी जाऊन बसते. जागा फार शांत आहे. पण माझ्या मनात तिथे हमखास एकच विचार येतो: त्या तीन दिवसांचा स्वयंपाक कुणी केला असेल? कुणीतरी केलाच असणार. पाणी भरलं असणार, आलेल्या-गेलेल्याला दारातून परत पाठवलं असणार.

ही थट्टा समजू नका. माझं सगळं म्हणणं याच्यातच आहे. एकट्यानं राहायला भोवती भरपूर माणसं लागतात, आणि तीही बोलकी. सकाळी दाराबाहेरची दुधाची पिशवी आठ वाजेपर्यंत तशीच दिसली, तर तळमजल्यावरच्या बा, म्हणजे गुजराती आजी, बेल दाबतात. भाजीवाला मला न विचारता आलं-कोथिंबीर टाकतो, कारण त्यानं माझ्या शेजारणीकडून सगळं काढून घेतलेलं असतं. इमारतीत कोण आजारी, कुणाची सून रुसली, पाण्याचा टँकर कधी येणार, हे मला कुणाला विचारावं लागत नाही. जिन्यात तुम्ही सगळ्या बोलता, ते दारातून आत येतं. तुम्ही बोलक्या आहात म्हणून मला गप्प बसणं परवडतं. उद्या सगळी सोसायटी माझ्यासारखी झाली तर मी पहिली इथून जागा बदलीन.

या गावात माझ्यासारख्यांची एक हक्काची जागा आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून राज्यात मोफत वाचनालयांची व्यवस्था उभी केली. खेड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत उतरावा. वाचनालयात माणसं शेजारी असतात आणि "काय वाचताय?" असं विचारत नाहीत. सयाजीरावांनी ही सोय माझ्यासाठी केली नव्हती हे मला कळतं, पण आभार मानायला काय हरकत आहे.

आता गरबा. "तुम्ही नवरात्रात घरात कशा बसता?" असं तुम्ही म्हणालात. मी घरात बसत नाही. एखाद्या रात्री जाते, आणि खेळते. तुम्ही अजून नव्या आहात, म्हणून सांगते. बडोद्याचा गरबा म्हणजे मधे गाणारे आणि भोवती वर्तुळात वर्तुळ, हजारो माणसं. फाइन आर्ट्स कॉलेजवाल्यांच्या गरब्यात तर सजावटीचा थाटही नसतो, त्यामुळे तो मला जास्त आवडतो. या वर्तुळात कुणाचा हात धरायचा नसतो, कुणाशी बोलायचं नसतं, टाळी आपली आपण द्यायची. पुढच्याच्या पाठीकडे बघत तास-तास फिरा, कुणी हटकत नाही. युनेस्कोनं २०२३ मध्ये गरब्याला वारशाच्या यादीत घेतलं ते कशासाठी, ते त्यांना ठाऊक. एकलकोंड्यांची इतकी छान सोय दुसऱ्या कुठल्या सणात नाही, हे माझं कारण. माझी पंचाईत होते ती मध्यंतरात. गाणं थांबतं, सगळे चौफाळे पसरून बसतात, डबे उघडतात आणि एक काकू म्हणतात, "अगं, तू इकडे बस ना, एकटी काय उभी?" तेवढ्यात मी निघते.

उत्तरायणातही तसंच. १४ जानेवारीला गच्चीवर येते, उंधियो-जिलेबी खाते, दुसऱ्याची फिरकी धरते. पतंग उडवणाऱ्याचं लक्ष वर असतं, फिरकी धरणाऱ्याशी फारसं कुणी बोलत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मात्र माझी सगळी गणितं बाजूला राहिली. तुम्ही तेव्हा इथे नव्हतात. विश्वामित्री नदीला पूर आला. पाणी ३५ फुटांच्या वर गेलं आणि आपल्या अकोट्यात घरांत शिरलं. छपरावर बसलेली मगर सगळ्या देशानं फोनवर पाहिली. वीज गेली, तळमजला बुडाला, आणि बा, त्यांचा मुलगा, सून, दोन नातवंडं गाद्यांसह माझ्याकडे आली. पाणी उतरून खालचा चिखल निघेपर्यंत सगळी इथेच होती. बांनी माझ्या मसाल्याच्या डब्याची रचना बदलली. धाकटा रात्री झोपेत माझ्या अंगावर पाय टाकायचा. मेणबत्तीत आम्ही पत्ते खेळलो, मी भरपूर हसले. ती खाली गेली त्या दिवशी मी दुपारभर अंथरुणावर पडून छताकडे बघत होते आणि मला अतिशय बरं वाटत होतं. बांना मी हे सांगितलंही. त्या म्हणाल्या, "मनेय!" त्यांनाही.

एक गोष्ट मात्र जपून बोलायला हवी. संध्याकाळी मी कमाटी बागेत एकटी बसते, ते मला आवडतं म्हणून. १९१७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत आले. जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी सरायेत उतरले, तर तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीला वेळ होता, तो त्यांनी याच बागेत बसून काढला. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. एकांताचे गोडवे गाणारं काही वाचलं की मला ते आठवतं. माझ्या घराला कडी आहे आणि ती आतून आहे. मला भाड्यानं जागा देताना कुणी काही विचारलं नाही. "एकटी बाई" म्हणून थोडी खळखळ झाली, एवढंच. त्यामुळे एकटं राहण्याची आवड ही माझ्या मनाची थोरवी आहे असं कुणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही.

राहिला शेवटचा प्रश्न. तो तुम्ही विचारला नाहीत, पण ओठांवर होता: म्हातारपणी कोण बघणार? तिसऱ्या मजल्यावरचे काका-काकूही मला तेच विचारतात. त्यांचा एक मुलगा न्यू जर्सीत, एक मेलबर्नला. दोघं रोज व्हिडिओवर येतात, गुणी मुलं आहेत. काकांच्या घराची जादा किल्ली माझ्याकडे असते, माझी बांकडे. काकांची बीपीची गोळी कुठल्या डब्यात आहे आणि त्यांचे डॉक्टर गुरुवारी बसत नाहीत, हे मला माहीत आहे. माझी फाइल फ्रिजवर, निळी. तुम्ही आता शेजारी आहात, तर तुम्हालाही माहीत असलेलं बरं. आणि चहाला जरूर या. फक्त येण्याआधी फोन करा.