रातांब्याची वही: वर्षभरात कुठवर आलो

मंडळी, गेल्या डिसेंबरात ठरवलं होतं की दिसेल त्या झाडाचा फोटो काढायचा आणि ॲपला विचारायचं हा धंदा आता बंद, एकच झाड घ्यायचं आणि त्याचं पार खानदान खणून काढायचं. झाड निवडलं कोकम, म्हणजे रातांबा, म्हणजे भिरंड, ज्याला जे म्हणायचं ते म्हणा. सिंधुदुर्गात मी जातो त्या देवराईच्या कडेला ओढ्यालगत याची पाच झाडं आहेत, फांद्या हाताशी येतात, आणि आयुष्यभर सोलकढी पीत आल्यामुळे वाटायचं की हे झाड तर आपल्या घरचंच. कसलं काय, पहिल्याच महिन्यात कळलं की आपल्याला फक्त आमसूल माहितीये.

सुरुवात पानांपासून. समोरासमोर, साधी, कडेला दाते नाहीत, वरून गडद हिरवी खालून फिकट, कोवळी पालवी लालसर. एवढं लिहून खुश झालो आणि मग बघतो तर शेजारच्या जांभळाचंही पान समोरासमोर, साधं, चकचकीत! जांभळाची खूण अशी की पान उजेडासमोर धरलं की कडेच्या जरा आत कडेला धरूनच एक शीर पळताना दिसते, आणि चुरगळलं की वास येतो. कोकमाला ते नाही, कोकमाला चीक. हे चिकाचं प्रकरण मात्र मला नडलं. भर दुपारी चार-पाच जून पानांचे देठ मोडले, काही आलं नाही, वहीत ठोकून दिलं 'चीक नाही' आणि त्या एका ओळीमुळे आठवडाभर भलत्याच कुळांच्या मागे फिरलो. मग एकदा सकाळी कोवळी डहाळी मोडली तर मोडल्या जागी हळूहळू पिवळसर थेंब जमला, भिंगातून तर मोहरीएवढा मणीच दिसत होता. कोकमाच्या कुळाचं जुनं नाव गटिफेरी, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ थेंब बाळगणारे, आणि मी थेंबच शोधायला विसरलो होतो. तेव्हा चीक बघायचा तर कोवळ्या डहाळीवर बघा, एका झाडावर बघून थांबू नका.

जानेवारीत फुलं. पाचातली दोन झाडं कळ्यांनी नुसती लगडलेली, पानांच्या बगलेत वाटाण्यासारख्या गोल कळ्यांचे झुबके, आणि मी मनात म्हणतोय यंदा या दोघांना फळ बघा किती धरतंय. वाटेने जाणारे एक आजोबा थांबले, माझं भिंग बघितलं, झाड बघितलं आणि म्हणाले, "अरे झिला, तां नर आसा, तेका रातांबे लागनत नाय." आणि गेले. कोकमाची बहुतेक झाडं एकतर नर नाहीतर मादी, पुस्तकी शब्द विभक्तलिंगी, अधूनमधून दोन्ही प्रकारची फुलं असलेलं झाडही सापडतं असं वाचलंय, माझ्या पाचात तरी नाही.

त्यांचं ऐकून घरी येऊन ब्लेडने फुलं उभी चिरली. चार निदलं (कळीला झाकणारी बाहेरची दलं), चार मांसल पाकळ्या, हे दोन्हीकडे सारखं. नराच्या फुलात मधोमध एक उंचवटा आणि त्यावर पुंकेसरांची दाटी, मी एका फुलात १६ मोजले. मादी फूल बहुतेक एकटंदुकटं, आत टपोरं अंडाशय आणि त्यावर बिनदांड्याची कुक्षी, म्हणजे पराग टिपणारं टोक, थेट बसवलेली, चार ते आठ भागांची, वर बारीक बारीक पुटकुळ्या. ही बिनदांड्याची कुक्षी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि चार हा आकडाही लक्षात ठेवा. कोकमाचं शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, आणि त्याचाच एक भाऊबंद गार्सिनिया झँथोकायमस, त्याच्या फुलात सगळं पाचच्या हिशोबात, पानं हातभर लांब, फळ पिवळं. रॉक्सबर्ग या जुन्या वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याला झँथोकायमस नावाच्या वेगळ्याच प्रजातीत टाकलं होतं (प्रजाती म्हणजे जीनस बरं का, पेपरवाले जातीला प्रजाती म्हणून घोळ घालतात), नंतर तो गार्सिनियात आणला गेला आणि जुनं प्रजातीनाव जातीनाव म्हणून मागे उरलं. दक्षिणेकडचा गार्सिनिया गमी-गुट्टा पण सख्खाच, पण त्याच्या फळाला भोपळ्यासारख्या खोल खाचा असतात, त्यामुळे कोकमाशी घोटाळा व्हायची भीती नाही. घोटाळा नावाचा आहे, वजन घटवायच्या गोळ्यांच्या बाटल्यांवर अजूनही त्याचं जुनं नाव कॅम्बोजियाच छापलेलं असतं.

नावांचा विषय निघालाच आहे तर माझी एक फजिती सांगतो. मी कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगत आलोय की गार्सिनिया हे नाव गोव्यातल्या गार्सिया द ऑर्तावरून पडलं, पणजीत ज्याच्या नावाची बाग आहे तोच. ऐकायला किती बरोबर वाटतं, कारण या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या पुस्तकात 'ब्रिंदोंइश' म्हणून आपल्या भिरंडाबद्दल लिहिलंय. पण नाही! शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसने १७५३ मध्ये हे नाव दिलं ते लॉरां गार्सां नावाच्या दुसऱ्याच निसर्गअभ्यासकावरून. ऑर्ताच्या वाट्याला इथे काहीच आलं नाही, आणि गंमत म्हणजे ज्याने त्याचं पुस्तक संक्षिप्त करून १५६७ मध्ये लॅटिनमध्ये नेलं तो क्लुसियस, त्याच्या नावाने अमेरिकेतल्या झाडांची एक प्रजाती झाली क्लुसिया, आणि तिच्यावरून अख्खं कुळ झालं क्लुसिएसी. म्हणजे लिहिणारा राहिला बाजूला आणि कुळावर नाव लागलं भाषांतरकाराचं.

कोकमाचं पूर्ण नाव लेबलवर लिहायचं तर गार्सिनिया इंडिका, पुढे कंसात थुआर आणि कंसाबाहेर शॉइझी. आधी मी हा कंस सरळ गाळायचो. त्याचा अर्थ असा की थुआरने आधी या झाडाचं नाव ब्रिंडोनिया इंडिका ठेवलं होतं, १८२४ मध्ये शॉइझीने ते उचलून गार्सिनियात ठेवलं, 'इंडिका' तेवढं टिकलं. ब्रिंडोनिया म्हणजे पोर्तुगीजांच्या तोंडातून फिरून आलेला आपला भिरंड, तेव्हा ते नाव बाद झालं याचं मला जरा वाईटच वाटतं.

आता कुळ. यात मार्च-एप्रिल गेले आणि खरी मजा इथेच आली. कुकच्या १९०१ ते १९०८ दरम्यान आलेल्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरात, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या ग्रंथात, कोकम, उंडी, नागचाफा आणि सुरंगी सगळे एका घरात, गटिफेरीत. वाटतंही तसंच, सगळ्यांना चीक, सगळे सदाहरित, पानं जाड. आणि माझ्याकडे असलेल्या जुन्या याद्या त्याच मांडणीच्या, त्यामुळे मी आनंदात चौघांचं एकच पान केलं होतं वहीत. २००९ च्या एपीजी तीनमध्ये, म्हणजे फुलझाडांच्या डीएनएवर बेतलेल्या वर्गीकरणात, मात्र वाटण्या झाल्यात, कोकम क्लुसिएसीत राहिलं आणि उंडी, नागचाफा, सुरंगी गेले कॅलोफिलेसीत. मला आधी हे उगाच वाटलं, डीएनएवाल्यांना काही काम नाही वगैरे. मग कारण वाचलं. सह्याद्रीतल्या नद्यांच्या खडकांवर शेवाळासारखं काहीतरी चिकटलेलं असतं ना, पाणी उतरलं की ज्याला इवलीशी फुलं येतात, ती पोडोस्टेमेसी. त्या वनस्पती डीएनएच्या हिशोबात या जुन्या घराच्या आतच निघाल्या, आणि सुरंगी-उंडीची त्यांच्याशी नाळ कोकमापेक्षा जवळची! म्हणजे सगळ्यांना एकत्र ठेवायचं तर ते शेवाळही घरात घ्यावं लागणार, नाहीतर घर मोडायचं. मोडलं.

वाचून मी दोन दिवस नुसता उंडी आणि कोकम आलटून पालटून बघत होतो. तेव्हा ती बिनदांड्याची कुक्षी आठवली, कारण उंडीच्या फुलात कुक्षीला चांगला लांब दांडा आहे. पानात तर फरक आंधळ्यालाही कळावा, उंडीच्या शिरा इतक्या दाट आणि समांतर की कंगवा फिरवल्यासारख्या. इतकी वर्षं दोन्ही झाडं बघतोय पण कोणी वेगळं केल्याशिवाय वेगळं दिसलं नाही.

मे महिन्यात फळं. तीन मादी झाडांपैकी दोघांवर चांगली, तिसऱ्यावर मोजून अकरा. फळ आडवं कापलं तर जांभळ्या सालीच्या आत पांढरट आंबट गर आणि त्यात बिया, सहा, सात, एकात पाच. फळाच्या टोकाला बघा, ती कुक्षी वाळून तिथेच चिकटलेली असते, फुलात बघितलेलीच. बोटं चार दिवस जांभळी, साबण लावला की डाग निळसर व्हायचा, तो त्यातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याचा खेळ.

बियांची चूक प्रामाणिकपणे लिहितो. तीस बिया धुतल्या, पंधरा लगेच लावल्या, पंधरा कागदावर वाळवून पावसाची वाट बघत ठेवल्या, कारण बी म्हटलं की वाळवायचं ही सवय. वाळवलेल्यातून एकही उगवली नाही. सदाहरित जंगलातल्या बऱ्याच झाडांचं असंच, बी वाळलं की मेलं. ताज्या पंधरातल्या अकरा उगवल्या, महिन्याच्या वर लागलं. त्यातली एक न राहवून उकरून बघितली तर मूळ एका टोकातून आणि कोंब बरोब्बर विरुद्ध टोकातून! मी शोधत होतो बीजपत्रं, ती जवळपास नसतातच, बियेतला सगळा ऐवज म्हणजे फुगलेला अधराक्ष, बीजपत्रं आणि मूळ यांच्या मधला दांडा. नंतर कोंबाच्या बुडाला वेगळंच मूळ फुटलं. उकरलेली ती पुन्हा लावली, जगली, म्हणजे आता अकरा रोपं पिशव्यांत आहेत, सगळ्यात उंच वीतभर.

यातली नर किती आणि मादी किती ते फुलं येईपर्यंत कळणार नाही, आणि बियांच्या झाडाला फुलायला सहा-सात वर्षं सहज लागतात. कलम करा असं दोघातिघांनी सुचवलं, फळं हवी असतील तर बरोबरच आहे, फक्त काडी उभ्या शेंड्याची घ्या, आडव्या फांदीच्या काडीचं कलम आडवंच पसरत बसतं. मला मात्र अकराच्या अकरा तशीच वाढवायचीत. लेबलांवर नाव, कंसासकट, आणि पेरल्याची तारीख लिहिलीय, नर-मादीचा रकाना कोरा.

आता येत्या मार्चमध्ये सुरंगी. फुलं फांदीच्या जुन्या लाकडावर येतात आणि गजरेवाले पहाटेच उतरवतात, त्यामुळे तिथे आधी पोचायचं म्हणजे अंधारातच निघावं लागणार.