दख्खनच्या दंग्यांवरील पुस्तकांच्या शोधात पुण्यात काढलेले तीन दिवस

12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात रयतेने सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या हिसकावून जाळल्या, आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. त्या घटनेवर पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करण्यासाठी दुय्यम साधने, म्हणजे नंतरच्या अभ्यासकांचे ग्रंथ आणि लेख, हवीत म्हणून मी बारामतीहून एसटीने पुण्यास गेलो आणि पहिला पूर्ण दिवस अक्षरशः पाण्यात घातला. मागून येणाऱ्यांचा तो दिवस वाचावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. ओळखपत्र, महाविद्यालयाचे पत्र, इंग्रजी वाचनाची सवय आणि चार तासांची बैठक तुमच्यापाशी आहे, असे मी धरून चालतो.

पहिल्या दिवशी पेठेतल्या एका दुकानात ‘दुर्मीळ संदर्भग्रंथ’ म्हणून झेरॉक्स करून बांधलेला एक जाड गठ्ठा मला 1,400 रुपयांना देण्यात आला. रात्री खोलीवर उघडून पाहिले, तर तो 1878 मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवलेला दंगे आयोगाचा अहवाल निघाला. म्हणजे ते दुय्यम साधन नव्हतेच. सरकारने आपल्या सोयीने लिहिलेले ते अव्वल, म्हणजे त्या काळातलेच मूळ साधन होते, आणि त्याचे स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येते. सोबत घेतलेली परीक्षोपयोगी तीन मराठी पुस्तकेही त्याच लायकीची होती. तिन्हींत तोच परिच्छेद, ‘भीमथडी’ या तालुक्याच्या नावाऐवजी ‘भीमवाडी’ हा तोच छापील दोष, आणि एकातही तळटीप नाही. ज्या पुस्तकाला तळटीप नाही, ते प्रकल्पासाठी विकत घेऊ नका. उभ्याउभ्या चाळून परत ठेवा.

दुसऱ्या दिवशी गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात गेलो, आणि या विषयासाठी पहिला मुक्काम तिथेच करावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. सुमित गुहांच्या मुंबई दख्खनच्या शेतीव्यवस्थेवरील 1985 च्या ग्रंथापासून सुरुवात करा आणि त्याच्या तळटिपांचे बोट धरून मागे जात राहा, कारण नव्या ग्रंथात जुन्या सगळ्या वादांचे पत्ते आयते मिळतात. त्याच वाटेवर इयान कॅटनाक यांचा ग्रामीण पतपुरवठ्यावरील 1970 चा ग्रंथ, रविंदर कुमार यांचा 1968 चा ग्रंथ आणि नील चार्ल्सवर्थ यांचा ‘मॉडर्न एशियन स्टडीज’मधील 1972 चा लेख भेटतो. दंग्यांचे महत्त्व फार फुगवले गेले, असे चार्ल्सवर्थ थेट शीर्षकातच सुचवतात, तर रविंदर कुमार रयतवारीने, म्हणजे सरकारने थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याच्या पद्धतीने, गावातील जुने संबंध कसे विस्कटले, हे दाखवतात. या दोघांना समोरासमोर ठेवून वाचताना माझा सारा शीण उतरला. सुप्याच्या आसपास वाढूनही हा वाद मला कुणी सांगितला नव्हता.

तिसरा दिवस भारत इतिहास संशोधक मंडळात गेला. मराठेशाहीच्या कागदपत्रांसाठी ती जागा थोर आहे. या विषयासाठी मात्र तो दिवस गोखले संस्थेतच द्यावा.

घर सोडण्यापूर्वी दोन कामे जरूर उरका. एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात या दंग्यांवर मजकूर आहे, तो संकेतस्थळावरून उतरवून वाचा, आणि शोधगंगा या विद्यापीठीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर पश्चिम महाराष्ट्रातील शेतकरी कर्जावरचे प्रबंध शोधून त्यांच्या संदर्भसूच्या वहीत उतरवून घ्या. ती वही हाती असती, तर दुकानदाराने गठ्ठा पुढे सरकवताच मी त्याचे शीर्षक ओळखले असते.