लार्देरेल्लो : तापलेल्या खडकांवरची वीज बघायला जाताना

इटलीतल्या तोस्कानात लोक फ्लॉरेन्स आणि पीसा बघून परततात. वोल्तेर्राच्या दक्षिणेला तासाभराच्या आत लार्देरेल्लो आहे, तिथे मात्र फारसं कुणी वळत नाही. जमिनीतल्या वाफेपासून वीज जगात पहिल्यांदा तयार झाली ती इथेच. १९०४ साली उद्योजक पिएरो जिनोरी कॉन्ती यांनी वाफेवर छोटं यंत्र चालवून पाच दिवे लावले आणि १९१३ मध्ये २५० किलोवॅटचं केंद्र सुरू झालं. आज या भागात तिसाहून जास्त केंद्रं आहेत.

आधी भूऔष्णिक, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेच्या, ऊर्जेचं संग्रहालय बघा. तिथे दाखवण्यासाठी राखलेली वाफेची एक विहीर आहे. वाटाड्याने तिचा व्हॉल्व्ह फिरवला आणि पांढरी वाफ अशी उसळली की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. लहान मुलं सोबत असतील तर त्यांचे कान आधीच झाका. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून विचारूनच निघा.

बाहेर पडलात की डोंगरभर पसरलेले चकचकीत पाइप नीट बघा. मधूनमधून ते मुद्दाम चौकोनी कमान करून वळवलेत. आतल्या वाफेने तापून पाइप लांबतो, त्याला ताणायला जागा हवी. अशा कमानीखाली उभं राहिलं की हे सगळं तंत्र डोळ्यांसमोर उलगडतं.

मला सगळ्यांत मोलाची वाटली ती पाणी परत सोडण्याची गोष्ट. वाफ उपसत राहिल्याने जमिनीखालचा दाब घटत गेला. मग १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून टर्बाइनमधून निघालेल्या वाफेचं पाणी विहिरींतून पुन्हा खाली सोडू लागले, तेव्हा दाब सावरला आणि वाफही वाढली. खडकात उष्णता उदंड आहे, ती वर आणणारं पाणीच तुटपुंजं. जिथे खडक तापलेला पण कोरडा आहे, तिथे तर पाणी वरूनच द्यावं लागतं आणि त्याला वाट मिळावी म्हणून दाबाने खडकाच्या भेगा उघडाव्या लागतात. फ्रान्समधल्या सुल्झला पाच किलोमीटर खोल ग्रॅनाइटमध्ये हे जमवलं. स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये मात्र २००६ साली अशाच कामाने ३.४ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काम थांबवावं लागलं. ही वीज हवी असेल तर जमिनीचे हादरे सतत मोजत राहायलाच हवेत, असं माझं ठाम मत आहे.

हाताशी अर्धा दिवस असेल तर मोंतेरोतोंदो मारित्तिमोजवळच्या बियांकाने उद्यानात जा. गंधकाच्या वाफेने खडक पांढरे पडलेत, फटींतून धूर निघतो. आखलेली पायवाट अजिबात सोडू नका, बाजूची जमीन पोळते. बंद बूट घाला, पाणी जवळ ठेवा. सडक्या अंड्यासारखा वास येतोच, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून जावं. बस मोजक्याच असल्याने स्वतःची गाडी हवी. रस्ते वळणांचे आहेत, तेव्हा अंधार पडायच्या आत परत फिरा.