तोरणमाळचा उतार आणि मऊ पडलेला ब्रेक

रस्ता जळगाव, चोपडा, शिरपूर, शहादा, तोरणमाळ. शहाद्यापर्यंत तापीकाठचा सपाट मुलूख. केळीचे ट्रक, हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि गावोगावचे गतिरोधक सोडले तर ब्रेकला फारसं काम नसतं, म्हणून जुनं ब्रेक ऑइलही इथे खपून जातं. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर. शेवटचा सातपायरी घाट वळणावळणांचा. पठार अकराशे मीटरच्या वर आहे, म्हणजे परतताना जवळपास हजार मीटर उतरायचं. माणसं-सामान धरून बाराशे किलोची गाडी एवढी उतरते तेव्हा सव्वातीन युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती इंजिनाने जिरवली नाही तर ब्रेकच्या अंगावर येते.

गाडी पुढे डिस्क, मागे ड्रमवाली जुनी पेट्रोल हॅचबॅक, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. चढताना पेडल व्यवस्थित. उतरताना घाट निम्मा सरल्यावर पेडल मऊ लागायला लागलं आणि पुढच्या दोनतीन वळणांत जवळजवळ फ्लोअरला टेकलं.

अशा वेळी पेडल भराभर पंप करायचं, तिसऱ्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पहिल्या गिअरमध्ये यायचं, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो थोडाथोडा ओढायचा आणि डोंगराच्या बाजूला गाडी लावायची. चालत्या गाडीचं इंजिन बंद करायचं नाही, कारण बूस्टरचा (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम संपला की पेडल दाबायला दुप्पट-तिप्पट जोर लागतो. थांबल्यावर गाडी गिअरमध्ये, चाकाला दगड. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक झालं. इथे बरेच जण ब्रेकवर भिस्त ठेवून गाडी पुढे काढतात, आणि हाच सगळ्यात वाईट निर्णय. गरम असताना मऊ, थंड झाल्यावर कडक, म्हणजे ऑइलमधलं पाणी उकळून वाफ झाली होती. द्रव दबत नाही, वाफ दबते. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता ओढतं. डॉट 3 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी धरल्यावर ती हद्द 140 पर्यंत खाली येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. पुढच्याच लांब ब्रेकिंगला पुन्हा वाफ होणार. पेडल कडक असून गाडी थांबत नसेल आणि जळका वास येत असेल, तर तो पॅड तापल्याचा दोष. त्यात ऑइलचा संबंध नाही.

बाकीची कारणं सपाट जागेवर, गाडी थंड असताना तपासायची. इंजिन बंद ठेवून पेडल पाचसहा वेळा दाबा, मग एकसारखा जोर देऊन अर्धा मिनिट धरा. हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या पंपाचे) रबर कप आतून ऑइल सोडत आहेत. (पाय तसाच ठेवून इंजिन चालू केल्यावर पेडल थोडं खाली जातं, तो बूस्टर चालू असल्याचा पुरावा.) पहिल्या दाबाला खोल, दुसऱ्याला वर आणि कडक असेल तर बहुतेक वेळा मागच्या ड्रमचे शू घासून लांब गेलेले असतात; ॲडजस्टरने जवळ आणा. कितीही दाबलं तरी पेडल स्पंजी लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. मागचा ड्रम काढलाच आहे तर व्हील सिलिंडरचं (चाकातला, शू ढकलणारा) धूळरबर उचलून पाहा, आत ओल असेल तर सिलिंडर किंवा त्याचं रबर किट बदला. पुढच्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम असतील तरी पेडल मऊ लागतं. साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. लवचीक नळी पेडल दाबताना फुगताना दिसली तर ती बदलायचीच.

गाडी पहिल्या गिअरमध्ये, अगदी सावकाश खाली उतरवून शहाद्याला आणली. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल काळपट चहाच्या रंगाचं. एक लीटर सीलबंद डॉट 4 घेतलं. सगळं बदलायला अर्धा-पाऊण लीटर जातं. डॉट 3 च्या जागी 4 चालतं, सिलिकॉनचं डॉट 5 अजिबात मिसळू नका. टाकीतलं जुनं सिरिंजने काढून नवं भरायचं. मग एकेका चाकावरून जुनं ऑइल आणि हवा काढायची. क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांत लाइन तिरप्या जोडलेल्या असतात, तिथे मॅन्युअलचा क्रम पाळा. निपलला (चाकापाशी हवा काढायच्या तोटीला) 8 किंवा 10 चा रिंग पाना आणि पारदर्शक नळी, नळीचं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडालेलं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडून बंद करायचा, मगच पाय उचलायचा. उलटं केलं की हवा परत आत. दर पाचसहा दाबांनंतर टाकी भरा, ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

जुन्या गाडीत हे करताना पेडल तळापर्यंत जाऊ नये म्हणून त्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल रोज जिथवर जात नाही, तिथे मास्टर सिलिंडरच्या आत गंज साचतो. कप त्यावर घासून फाटतो आणि एअर काढल्यावर पेडल पहिल्यापेक्षा वाईट होतं. कॅलिपर नुकतेच काढून बसवले असतील तर निपल वरच्या बाजूला आहे ना, पाहा. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली की निपल खाली येतं आणि हवा कधीच निघत नाही. एबीएसच्या मॉड्यूलेटरमध्ये (ब्रेकचा दाब कमीजास्त करणाऱ्या भागात) हवा गेली असेल तर स्कॅनरवाल्याकडेच जावं लागतं. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

तोरणमाळला जाण्याआधी ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर शहाद्याच्या अलीकडेच बदला. घाटात सुटे भाग मिळत नाहीत आणि मोबाइलच्या रेंजचाही भरवसा नाही. चढताना जो गिअर लागला त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक सलग घासण्याऐवजी वळणाआधी ठामपणे दाबून सोडा. पावसाळ्यात धुकं असतं, तेव्हा तर अंधाराआधीच खाली यायला निघा.